गव्हाणीजवळचं गाढव

जिल्ह्याचं नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं. जन्म नेवासे तालुक्यातल्या खेड्यातला. शाळेत मराठी शिकवण्यात चौतीस वर्षं गेली आणि रविवारी सकाळी शब्बाथ शाळेत पोरांना बायबल शिकवण्यात त्याहून चार जास्त. पहिल्या कामाचा पगार मिळाला, दुसऱ्याचा नाही. डोकं मात्र दुसऱ्यानंच जास्त खाल्लं.

आमच्या मंडळीतले काही जण मला 'लिबरल' म्हणतात. 'तिला साखर आहे हो' असं सांगावं त्या सुरात. हे दुखणं मला कधी आणि कसं लागलं ते लिहून ठेव, असं भाचा बरेच दिवस म्हणत होता. तर ते हे. क्रमांक घातलेत ते शिक्षिकेच्या सवयीनं, त्यात लहानमोठं काही नाही.

१. गाढव कुठल्या अध्यायात आहे ते एकदा शोधावं

नाताळचं नाटक बसवत होते. सहावीतल्या एका मुलीला गाढवाचं काम दिलं होतं, म्हणजे गाढवाचे मागचे दोन पाय. पुढच्या पायांना निदान तोंड तरी होतं. दुसऱ्या दिवशी तालमीला ती काखेत पवित्र शास्त्र घेऊन आली.

"बाई, गाढव कुठल्या अध्यायात आहे? मला माझं काम वाचायचंय."

"लूक, अध्याय दुसरा," मी ठोकून दिलं.

"वाचला. नाही त्यात."

"मग मत्तयात असेल."

"तोही वाचला."

त्या रात्री दोन्ही शुभवर्तमानं शेजारी शेजारी उघडून बसले. मत्तयाच्या गोष्टीत पूर्वेकडचे मागी येतात. ते किती होते याचा आकडा नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन हा आपला हिशेब. ते राजे तर नव्हतेच, आणि आले ते गोठ्यात नव्हे, घरात. मेंढपाळ आहेत ते फक्त लूकमध्ये, आणि तिथं तारा नाही. आमच्या नाटकात टाळ्या घेणारा तो खडूस सराईवाला दोन्हीकडे औषधालाही सापडत नाही. मत्तयात आईबाप बाळाला घेऊन मिसरला पळतात. लूकमध्ये तेच आईबाप बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेऊन सावकाश नाझरेथला परततात. गाढव नाही, बैल नाही. तशीच मागं गेले तर एदेन बागेत सफरचंदही नाही, नुसतं फळ आहे. योनाला गिळणारा देवमासा नाही, मोठा मासा आहे.

नऊ वर्षं मी शिकवत होते, आणि त्यातलं निम्मं ग्रीटिंग कार्डांवरून उचललेलं होतं.

गाढव गेल्याचं दुःख नव्हतं. दोन गोष्टी एकमेकींत बसत नाहीत, हे पोटात गोळा आणणारं होतं. शेवटी एका निवृत्त पाळकांकडे गेले. ते अंगणात खुर्ची टाकून शेंगा फोडत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन साक्षीदार कोर्टात शब्दन् शब्द सारखं बोलले तर न्यायाधीश काय म्हणतो?"

"पढवून आणलेत म्हणतो."

"मग?" म्हणाले आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. बायबलाच्या चिकित्सेचा माझा पहिला धडा तो. त्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत हे फार नंतर कळलं.

गाढवाचा माग पुढं लागला. यशयाच्या पहिल्याच अध्यायात बैल आणि गाढव आहेत. त्या मुक्या जनावरांना मालक कळतो आणि माणसांना कळत नाही, अशी संदेष्ट्याची तक्रार आहे. तिथून ती जोडी कधीतरी ख्रिस्तजन्माच्या चित्रांत शिरली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसनं खरी गव्हाण मांडली तेव्हा खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं. आणि आमच्या नाटकात? आमचे मेंढपाळ शेजारच्या धनगरवाड्यातून मागून आणलेल्या घोंगड्या पांघरतात. त्या घोंगडीला मेंढराचा आणि धुराचा असा वास असतो की पहिल्या बाकावरच्या बाया पदर नाकाला लावतात. बेथलेहेमच्या माळावर वास तोच असणार. ही घोंगडी तरी कुठल्या अध्यायात आहे? गाढव मी काढलं नाही.

२. आजीला वाचता येत नव्हतं, तिला सरवा येत होता

माझी आजी निरक्षर. बायबल तिच्या कानात गेलं ते भजनांतून, कीर्तनांतून आणि बायबल शिकवत दारोदार फिरणाऱ्या बायांकडून. गेल्याच्या आधीच्या शतकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी टाळ-मृदंग घेऊन कीर्तनं उभी केली. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी त्यासाठी पदं रचली. गोव्याकडे फादर स्टीफन्सनी १६१६ मध्येच ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून ठेवलं होतं, पण ते आजीच्या गावापर्यंत पोचलं नसावं. तिच्यापर्यंत पोचलं ते तोंडातून तोंडात आलेलं. म्हणजे त्या काळचा सिनेमाच.

रूथची गोष्ट ती अशी सांगायची की नामी आणि रूथ आमच्याच आळीत राहतात असं वाटे. दुष्काळात गाव सोडून गेलेली बाई, नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आणि परदेशी सून म्हणते मी तुमच्याबरोबर येते. आजी इथं थांबायची. "सासूसंगं येते म्हनली. माहेराला नाही गेली. कळलं का?" मग बवाजाचं रान. जातीच्या, गावाच्या बाहेरची विधवा कापणीमागं पडलेली कणसं वेचते. त्याला आमच्याकडे सरवा वेचणं म्हणतात. आजीनं तो वेचला होता. ज्वारीच्या रानात, कापणारे पुढं आणि आपण मागं वाकून, आणि मालकानं हाकललं तर ओटीतलं तिथंच टाकून द्यायचं. बवाज गड्यांना सांगतो की मुद्दाम थोडी कणसं खाली पडू द्या, हे सांगताना आजीचा आवाज बदलायचा. "असा एक मालक मला न्हाई भेटला," म्हणायची, "म्हनून ती देवाची गोष्ट."

धर्मशास्त्रातली पुढारलेली मंडळी सांगतात की बायबल तळातल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचायला हवं. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरपरिज्ञान मांडलं. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात भटक्या पूर्वजाची आठवण आहे, तिथून त्यांनी सुरुवात केली. ते वाचताना मला सारखं वाटत होतं, हे मी कुठंतरी ऐकलं आहे. जात्यापाशी ऐकलं होतं.

३. 'आमच्या म्हाताऱ्याचं काय?' हा प्रश्न टाळणाऱ्यावर विश्वास ठेवू नये

आजीचं माहेर १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या आगेमागे ख्रिस्ती झालं. तिचे आजोबा त्याआधीच वारले. ते दर आषाढीला पंढरीला जायचे. देवळात शिरायची त्यांना मुभा नव्हती. चोखोबाच्या समाधीपाशी डोकं टेकायचं, कळस बघायचा आणि माघारी फिरायचं. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आजोबांनी विठ्ठल कधी पाहिला नाही. त्यांनी येशूचं नावही कधी ऐकलं नाही.

एकदा गावात बाहेरचा एक उपदेशक आला. आजीनं सभेनंतर विचारलं, "साहेब, आमच्या म्हाताऱ्याचं काय?" त्यानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, नरक. आजी दोन महिने उपासनेला गेली नाही. मी लहान होते, मला एवढंच कळलं की आजी रविवारी गोवऱ्या थापत बसते. आईनं समजावलं, मामानं समजावलं. तिचं एकच म्हणणं, "जिथं म्हातारा न्हाई तिथं जाऊन मी काय करू?"

पुढं कितीतरी वर्षांनी रॉबर्ट ह्यूम यांच्याविषयी वाचलं, आणि हातातलं पुस्तक खाली ठेवून आजीला हाक मारावीशी वाटली. ती तोवर गेली होती. ह्यूम मुंबईत जन्मलेले, १८४७ चे. अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं ठाणं १८३१ चं, 'ज्ञानोदय' तिथंच १८४२ साली सुरू झालं. त्या मिशनमध्ये ह्यूम १८७४ साली नगरला आले आणि १८७८ साली इथं धर्मशिक्षणाचं विद्यालय काढलं. १८८६ मध्ये ते रजेवर अमेरिकेत होते. ज्या अँडोव्हरच्या विद्यालयात ते शिकले तिथले काही प्राध्यापक त्या वेळी म्हणत होते की ज्यांनी आयुष्यात ख्रिस्ताचं नाव ऐकलं नाही, त्यांना मरणानंतरही देव संधी देत असेल. ह्यूमनी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना या विचाराला सहानुभूती दाखवली. झालं! मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डात गदारोळ. मेल्यावरही संधी असेल तर मिशनला पैसे कोण देणार आणि जीव धोक्यात घालून कोण जाणार, असा विरोधकांचा सवाल. नगरला परत जायची परवानगी अडवून धरली. बराच वाद होऊन १८८७ मध्ये ते परतले आणि पुढची कित्येक वर्षं इथलेच झाले.

अमेरिकेतल्या सभागृहांत ज्याच्यावर ठराव झाले तो प्रश्न आमच्या ओसरीवरचा होता. ह्यूमना तो इथल्याच कुणीतरी विचारला असेल असं मला आपलं वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही, पण इथल्या माणसांत ज्यानं इतकी वर्षं काढली त्याला हा प्रश्न कुणी विचारला नसेल, हे मनाला पटत नाही.

ह्यूमच्याच विद्यालयात नारायण वामन टिळक शिकवत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं तुकोबांना कधी सोडलं नाही; तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. तेव्हा 'हे लिबरल खूळ इंटरनेटवरून आलं' असं कुणी म्हणालं की मी म्हणते, मालधक्क्यावर चौकशी करा, माल इथूनच गेलेला आहे.

आजी दोन महिन्यांनी परत उपासनेला आली. कुणी समजावलं म्हणून नाही. "मीच इचारीन वर गेल्यावर," म्हणाली.

४. शाहू मोडकांचं नाव मोठ्यानं घ्यावं

आमच्या घरात एक नाव दोन आवाजांत घेतलं जाई. पाहुण्यांपुढं मोठ्यानं, पाळक आले की हळू. शाहू मोडक. नगरच्या ख्रिस्ती घरातला १९१८ सालचा जन्म. १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये हा मुलगा कृष्ण झाला आणि मग कृष्णाचा मुकुट त्याच्या डोक्यावर पुढची कित्येक वर्षं राहिला. मधे 'माणूस'मधला गणपत हवालदार. आणि १९४० साली प्रभातचा 'संत ज्ञानेश्वर', त्यात ज्ञानोबा.

माझं गाव नेवाशाजवळ. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, तो पैस खांब आम्ही शाळेच्या सहलीत पायी जाऊन पाहिलेला. त्या ज्ञानोबाचं रूप सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढं ज्यानं उभं केलं तो आमच्यातला. सिनेमा लागला की लोक पडद्याला हात जोडत, असं आई सांगायची. माझी एक चुलत आजी तालुक्याला जाऊन तो बघून आली आणि घरी येऊन म्हणाली, "आपला पोरगा ज्ञानोबा झाला. काय शोभला!" त्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं तिला मूर्तिपूजेवर अर्धा तास सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात परत बघून आली.

मी यातून काय घेतलं? आधी वाटायचं, ही आपली लवचीकता, सर्वधर्मसमभाव वगैरे. ते भाषणाला बरं. पण जरा जवळून पाहिलं तर मला मोडकांचं काम अवघड वाटतं. ज्याच्यापुढं आपण हात जोडत नाही त्याचं रूप असं घ्यायचं की जोडणाऱ्याला खोट दिसू नये. त्यासाठी दुसऱ्याच्या भक्तीचा नुसता आदर पुरत नाही, ती आतून समजावी लागते. मनात थोडी जरी कुचेष्टा असती तर कॅमेऱ्यानं ती पकडली असती.

शाळेत परिपाठाला मी तीस वर्षं पसायदान म्हटलं, रविवारी प्रभूची प्रार्थना म्हटली. दुष्टांचा नायनाट मागण्याऐवजी त्यांचा दुष्टपणा जाऊ दे म्हणणारा ज्ञानोबा आणि वैऱ्यावर प्रीती करा म्हणणारा येशू मला एका वर्गात शेजारी बसलेले दिसतात. हे एकदा महिला संघाच्या सभेत बोलले. दोघी उठून गेल्या. एक चहाला परत आली.

५. सिनेमातला ख्रिस्ती आमच्या घरी कधी आला नाही

'बॉबी', 'ज्युली', 'अमर अकबर अँथनी'. सत्तरच्या दशकानं देशाला ख्रिस्ती माणूस दाखवला तो असा: फ्रॉक, गिटार, बाटली, आणि कन्फेशनला बसलेला फादर. अँथनी मलाही आवडतो, नाही म्हणणार नाही. पण शिक्षक खोलीत दर डिसेंबरला एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुमच्यात लग्नात वाइन असते ना?" आमच्यात लग्नात बुंदी असते. नाताळला करंज्या, शेव, अनारसे. माझी आजी जन्मभर लुगड्यात आणि आडनावं गायकवाड, साळवे, भोसले. "तुम्ही ख्रिश्चन? मराठी इतकं छान कसं बोलता?" हे मला, मराठीच्या शिक्षिकेला, विचारून झालेलं आहे.

यावर चिडण्यात काही वर्षं घालवली. आता 'स्मृतिचित्रे' हातात देते. लक्ष्मीबाई टिळक वाचल्यावर हा प्रश्न परत कुणी विचारला नाही.

६. पडद्यावरच्या वधस्तंभाखाली कोण उभं आहे ते बघावं

'दयासागर' आमच्या गावात मैदानावर पांढरं कापड बांधून दाखवला होता. मूळ तेलुगू सिनेमा १९७८ चा, हिंदीत केलेला. विजयचंदर त्यात येशू झाले आहेत. प्रोजेक्टरच्या उजेडात किडे नाचत होते. अख्खं गाव आलं होतं, सगळ्या जातीधर्मांचं. फटक्यांचा प्रसंग आला तेव्हा एका म्हातारीनं पायातली चप्पल काढून शिपायावर फेकली. ती कापडाला लागून खाली पडली आणि येशूचा चेहरा थोडा वेळ लाटेसारखा हलला.

शेजारच्या पोरानं विचारलं, "मारणारे कोण?" मागून कुणी म्हणालं, "यहुदी." मीही तेच समजत होते. शिपाई रोमी, शिक्षा रोमी, हुकूम रोमी सुभेदाराचा. आणि येशू यहुदी, मरिया यहुदी, पेत्र यहुदी, हे सगळं पुस्तकात असून मला दिसत नव्हतं.

दिसलं ते पुण्यात, शिक्षकी अभ्यासक्रमाला असताना. माझ्या खोलीत एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, मुलगी होती. कोकणातली, माझ्यापेक्षा गोड मराठी बोलणारी. तिच्या पणजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. तिनं मला लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, दाखवलं. मी तिला शुभ शुक्रवारच्या उपासनेला नेलं, मोठ्या हौसेनं. योहानाचं वाचन सुरू झालं. 'यहुदी' हा शब्द किती वेळा येतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, कारण तो तिच्या कानांनी ऐकत होते. दर वेळी वाचणाऱ्याचा आवाज चढत होता. ती शेवटपर्यंत डोकं झाकून शांत बसली. परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. खोलीवर आल्यावर म्हणाली, "तुमची गाणी छान असतात."

व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनं १९६५ मध्ये जाहीर केलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर घालता येणार नाही. त्याआधीच्या शतकांत त्या दोषापायी युरोपात किती रक्त सांडलं ते सांगायला नको. योहान लिहीत होता तो घरातला तंटा होता, यहुद्यांचा यहुद्यांशी. घरातल्या भांडणात भाऊ भावाला जे बोलतो ते तिऱ्हाइतानं उचललं की शिवी होते. शुभ शुक्रवारी आता मला वाचायला सांगितलं तर मी लूक निवडते. आणि वाचनाआधी चार ओळी बोलते. 'आधी वाचा तरी,' असं कुणीतरी दरवर्षी कुजबुजतं.

७. शहाणपणा मयताच्या घरी चपलांपाशी ठेवावा

ही माझी चूक, तेव्हा थोडक्यात. ओळखीतला पंचविशीतला मुलगा अपघातात गेला. आईनं माझा हात धरून विचारलं, देवानं असं का केलं? आणि मी, चार पुस्तकं वाचलेली बाई, ईयोबावर बोलायला लागले. त्या पुस्तकात देव 'का'चं उत्तर देतच नाही, सुरुवात आणि शेवट गद्यात आहे, मधला भाग काव्यात आहे, वगैरे. खरं तेच बोलत होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तेविसावं म्हणा."

मी सुरू केलं आणि मधेच अडखळले. राहिलेलं स्तोत्र तिनं पुरं केलं.

लिबरल माणसाच्या शहाणपणाला आणखी एक खाज असते, प्रत्येक थोर व्यक्ती आपल्या बाजूला ओढायची. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत मी ते करून बघितलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी तिथल्या भगिनींशी पत्रांतून जो वाद घातला तो वाचून मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्रैक्य, कुमारीजन्म, चर्चचा अधिकार. पटल्याशिवाय मान्य करणार नाही, हा बाणा. पण याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली पवित्र आत्म्याच्या जागृतीची लाट आली, मुली रडत, ओरडत, थरथरत प्रार्थना करत होत्या आणि रमाबाई त्यांच्यात होत्या. (हे केडगाव दौंड तालुक्यातलं, नगरजवळचं नव्हे. पाहुणे हमखास चुकतात.) शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्यात घालवली, आणि शब्द असे शोधले की अडाणी बाईला कळावेत, वेदान्ताचा वास त्यांना येऊ नये. १९२२ साली मरण आलं तोवर काम हातावेगळं केलं होतं. कुठल्या खिशात घालाल? मी नाद सोडला.

८. मोबाइलवर आलं म्हणून वाईट नसतं

भाचा 'द चोजन' बघतो. २०१९ पासून येणारी येशूवरची मालिका. त्यातला मत्तय जकातदार हिशेबात अडकलेला, माणसांत अवघडलेला तरुण दाखवला आहे. भाचा अर्ध्यात थांबवून विचारतो, "आत्या, हे बायबलात आहे?" मी म्हणते बघ. आणि तो बघतो! माझ्या अडतीस वर्षांच्या शब्बाथ शाळेला जे जमलं नाही ते.

२००६ साली 'द दा विंची कोड'चा सिनेमा आला तेव्हा किती आरडाओरडा झाला. काही राज्यांनी बंदी घातली. शिक्षक खोलीत पंधरा दिवस तोच विषय: "मॅडम, येशूचं लग्न झालं होतं का?" कादंबरी म्हणून ठीक, इतिहास म्हणून भुसा, असं माझं मत होतं आणि आहे. पण त्या निमित्तानं मी मग्दालिया मरिया नीट वाचली. ती वेश्या होती असं मी मुलांना शिकवलं होतं. शुभवर्तमानात तसं कुठंही नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात तीन वेगळ्या बायांची एक बाई केली आणि पुढची चौदाशे वर्षं चित्रकारांनी तिला मोकळ्या केसांनी रडत ठेवली. योहानाच्या विसाव्या अध्यायात ती काय करते? पहाटेच्या अंधारात एकटी कबरेपाशी जाते, उठलेल्या प्रभूला सगळ्यांआधी बघते, आणि पुरुषांना जाऊन सांगते. पहिला संदेश तिनं दिला. तरी कित्येक मंडळ्यांत बाई व्यासपीठावर उभी राहिली की पौलाची पत्रं निघतात.

शब्बाथ शाळेच्या वर्गात मी मुलांची माफी मागितली. पोरांना माफीचं काही वाटलं नाही. बाई चुकतात एवढी एकच गोष्ट ध्यानात राहिली.

सहावीतली ती मुलगी, गाढवाचे मागचे पाय, आता आमच्या मंडळीत सेक्रेटरी आहे. यंदा नाटकात तिची लेक आहे. कुठलं काम हवं विचारलं तर म्हणाली, गाढव. आता दोन पोरांचं गाढव आम्ही करत नाही, एकालाच घोंगडी पांघरतो. तिची आई म्हणाली, "बाई, या वेळी त्याला एक वाक्य तरी द्या." दिलं. मागी भेटी ठेवतात, मेंढपाळ गुडघे टेकतात, सगळे गप्प होतात, आणि मग गाढव पुढं येऊन विचारतं, "मी कुठल्या अध्यायात आहे?"

पाळकसाहेबांना वाक्य दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि "पोरगी मोठ्यानं बोलते ना?" एवढंच विचारलं. बोलते. अडचण वेगळी आहे. वाक्य आलं की तिला हसू फुटतं, तिचं बघून मागी हसतात, मग योसेफ, आणि काल तर मरियेच्या हातून बाळच पडलं. बाळ म्हणजे चादरीची वळकटी. आठवडा उरला आहे.